विहिरीच्या रेघेचे तीन रंग

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज भुजंग आला होता. बोरीचा उपसरपंच झालाय आता, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो. नववीत माझ्याच हातून दोनदा नापास झालेला, त्यामुळे असेल.

काम असं की, गावच्या पायऱ्यांच्या विहिरीभोवती नवे बोअर पाडू द्यायचे की नाहीत, यावर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव व्हायचाय. दोन्हीकडचे लोक नुसता आवाज चढवतात. "पुरावा तुमच्याच वहीत हाय, सर. तेवढा एक आलेख करून द्या. कुणालाबी बघून कळावं असा," असं म्हणून त्याने पिशवीतून जुन्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

माझी विहिरीची वही. जून २००६ला सुरू केली. रोज सकाळी सात वाजता काठच्या दगडापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि लिहायचं. शाळेला सुट्टी असो, लग्नकार्य असो, सात वाजून गेल्याशिवाय मी गाव सोडलं नाही. निवृत्त होऊन परभणीला येईपर्यंत तेरा वर्षांत एकही दिवस कोरा नाही. बढाई मारत नाही, वह्या समोर आहेत.

२०१९च्या जूनमध्ये वही कोकिळाला दिली. तीही माझीच विद्यार्थिनी, दहावी झालेली, चोख पोरगी. पण ती आणि तिचा नवरा सुग्रीव दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते मार्चअखेर परततात. तेवढे महिने विहीर मोजते तिची सासू धुरपताबाई, जिला अक्षरओळख नाही. कोकिळा आल्यावर सासूच्या नोंदी वहीत उतरवून काढते. कशा उतरवते ते मी कधी विचारलं नाही. सहा हिवाळ्यांत मिळून सतरा दिवस कोरे सोडलेत. असा ढिसाळपणा मला चालला नसता.

११ नोव्हेंबर

आलेख कागदावर काढणार होतो. सून श्रद्धा म्हणाली, "बाबा, सात हजार ठिपके हाताने? चष्म्याचा नंबर किती करायचाय अजून?" ती इथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिने लॅपटॉपवर ऑक्टेव्ह नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकटचं आहे, पण वागणं हेडमास्तरासारखं: एक स्वल्पविराम चुकला की सगळं काम परत.

रोज चारशे आकडे भरायचे ठरवलं.

२१ नोव्हेंबर

डिसेंबर २०१७पर्यंत आलो. आमच्या हिला, पद्मजाला, नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं तो हिवाळा. पंचवीस आकडे भरले आणि लॅपटॉप मिटला. डोळे दुखत होते.

संध्याकाळी मुलगा नचिकेत पूर्णेहून ड्युटी करून आला. "आज लवकर आटोपलं, बाबा?" म्हणाला. हो म्हटलं.

२८ नोव्हेंबर

आकडे भरून झाले. पहिला आलेख काढला तर मे महिन्यात विहीर भरलेली आणि सप्टेंबरात आटलेली. अर्धा तास डोकं धरून बसलो. श्रद्धा येऊन हसली. आपण काठापासूनची खोली लिहितो. खोली वाढली म्हणजे पाणी खाली गेलं. पण सॉफ्टवेअर मोठा आकडा वर दाखवणार. अक्ष उलटा केला आणि विहीर सरळ झाली. एकोणीस वर्षांची एकच निळी रेघ, वर-खाली, वर-खाली. शेवटच्या काही वर्षांत ती उन्हाळ्यात जास्तच खाली जाते. हे गावाला दिसलं पाहिजे.

बराच वेळ बघत बसलो. पद्मजा असती तर म्हणाली असती, "पाण्यासाठी जीव टाकता, आणि आंघोळीचं तापलेलं पाणी तिकडे गार होतंय."

३० नोव्हेंबर, रविवार

आज रंगांचा धडा. श्रद्धाचं म्हणणं, एकाच रेघेत तीन माणसांचं मोजमाप आहे तर ते वेगळं दिसू द्या. सगळे आकडे एका लांब रांगेत असतात. त्यातले पहिल्यापासून अमक्या क्रमांकापर्यंत एका रंगात, तिथून पुढचे दुसऱ्या रंगात, असे लागोपाठचे तुकडे एकाच कागदावर काढायचे. मी निळा. कोकिळा लाल. धुरपताबाई हिरवी. कोरे दिवस असतील तिथे 'नॅन' लिहायचं. नॅन म्हणजे इथे आकडाच नाही. त्या जागी सॉफ्टवेअर रेघ तोडतं, मनाने काही जोडत नाही.

एक गोष्ट मजेची निघाली. दोन रंगांच्या मध्ये बारीक फट राहते. पहिल्याचा शेवटचा ठिपका आणि दुसऱ्याचा पहिला ठिपका यांच्यामधली रेघ कुणाच्याच वाट्याला येत नाही. उपाय असा की मागच्याचा शेवटचा ठिपका पुढच्याचा पहिला म्हणूनही घ्यायचा. तो एक दिवस दोघांचा.

चाळीस वर्षं फळ्यावर आलेख काढले, पण हे कधी सुचलं नव्हतं. श्रद्धाला तसं सांगितलंसुद्धा. ती खूश झाली.

१ डिसेंबर

फटी बुजवल्या आणि घोळ दिसला. लाल रेघ संपून हिरवी सुरू होते तिथे दरवेळी पाणी एका रात्रीत खाली पडतं. २०२२च्या नोव्हेंबरात सत्तावीस सेंटिमीटर. आणि मार्चअखेर कोकिळा परत आली की एका रात्रीत वर येतं, एकदा तर बेचाळीस सेंटिमीटर. मार्चमध्ये विहिरीत पाणी वर कुठून येणार? सहाच्या सहा हिवाळ्यांत हेच.

म्हातारी विहिरीवर जातच नसणार. घरी बसून काहीतरी सांगत असणार आणि कोकिळा लिहीत असणार. फार वाईट वाटलं. आपण जपलेल्या वहीत कुणी मनाचे आकडे घालावेत याचा संताप आला. भुजंगला व्हॉट्सॲपवर कळवलं: 'सहा हिवाळ्यांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. त्या वगळून आलेख देईन. पुढे मोजणीसाठी बारा महिने गावात राहणारा माणूस बघावा.'

श्रद्धा म्हणाली, "आधी त्यांना विचारायचं ना, बाबा." मी म्हटलं, आकडे बोलतायत, माणसाला काय विचारायचं?

६ डिसेंबर

कोकिळाचा फोन आला, सांगलीकडच्या कुठल्याशा फडातून. मागे कोयत्याचे आवाज येत होते.

"सर, भुजंगदादानं तुमचा मेसेज पारावर सगळ्यांम्होरं वाचून दावला म्हणं. आमच्या सासूबाई तितंच हुत्या."

मला हे अपेक्षित नव्हतं.

"सर, मला काय म्हणायचं ते म्हणा. मी चुकले असंल उतरविताना. पर त्या खोटं सांगणाऱ्या न्हाईत. गुडघा सुजलाय तरी रोज इहिरीवर जायलेत त्या."

मी म्हटलं, रेघ खोटं दाखवत नाही. मग "बरं सर" म्हणून तिने फोन ठेवला. वर्गातसुद्धा ती कधी उलट बोलली नव्हती.

९ डिसेंबर

भुजंग सांगत होता, म्हातारीने विहिरीवर जाणं बंद केलं. मोजायचा दोर खुंटीला टांगून ठेवलाय. सलग चार दिवस विहीर कुणीच मोजली नाही. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

म्हणजे माझ्या वहीत आता चार नॅन. मीच घातलेले.

१३ डिसेंबर, शनिवार

श्रद्धाने आज विषय काढला. चहा देता देता म्हणाली, "बाबा, कोकिळाचं आणि धुरपताबाईंचं तुम्ही हंगामानं तोडलंत. स्वतःची तेरा वर्षं मात्र एकाच निळ्या रंगात ठेवलीत. तुमचेही हिवाळे वेगळ्या रंगात काढून बघू. न्याय सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, काढ.

बारा-तेरा हिवाळे, प्रत्येकाला वेगळा रंग. सगळे वाकडेतिकडे. पाणी आधी हळू उतरतं, मग झपाट्याने. अवकाळी पाऊस झाला की शेतातल्या मोटारी बंद राहतात आणि रेघ चार दिवस वर येते. फक्त २०१७-१८चा हिवाळा, नारिंगी, पट्टी ठेवून काढल्यासारखा सरळ. ५ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी, शहाऐंशी दिवस. त्या फेब्रुवारीत गारा पडल्या होत्या, गहू आडवा झाला होता. माझ्या रेघेला त्याचा पत्ताच नाही.

श्रद्धाने नारिंगी तुकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "त्या महिन्यांत तुम्ही नांदेडला होतात ना, आईंजवळ?"

मी चिडलो. म्हटलं, पहाटेची गाडी पकडून येत होतो. नांदेडहून बोरीला सकाळी सातला पोचवणारी कुठली गाडी, हे तिने विचारलं नाही. कप उचलून आत गेली.

१४ डिसेंबर

काही लिहायचं नाही.

२२ डिसेंबर

लिहितो. आठ दिवस टाळलं, आता लिहितो.

मी पहाटे येत नव्हतो. एक दिवसही आलो नाही. पद्मजाला रात्री झोप लागायची नाही आणि पहाटे माझा हात धरून ती जरा झोपायची. तो हात मला सोडवत नव्हता. विहीर आठवतसुद्धा नव्हती.

१६ फेब्रुवारीला ती गेली. तेराव्यानंतर, एक मार्चला सकाळी बोरीच्या खोलीवर आलो. टेबलावर वही होती. चार डिसेंबरला चार मीटर वीस, आणि त्याखाली सगळं पांढरं. पानामागून पान पांढरं. ते मला बघवेना. घर तसंच रिकामं होतं, त्यात हे. मी विहिरीवर जाऊन त्या दिवशीचं पाणी मोजलं, पाच मीटर साठ. मग आलेख कागद काढला, दोन ठिपके पट्टीने जोडले आणि शहाऐंशी दिवसांचे आकडे त्या रेघेवरून वाचून एका बैठकीत वहीत उतरवले. शाई वेगळी दिसू नये म्हणून दोन पेनं वापरली. हेसुद्धा आठवतं.

नंतर विसरलो. खरंच विसरलो की विसरायचं ठरवलं, ते सांगता येत नाही. तेरा वर्षांत एकही दिवस कोरा नाही, हे वाक्य मी निवृत्तीच्या समारंभात बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीड महिन्यापूर्वी याच डायरीत परत लिहिलंय. वर जाऊन वाचलं आत्ता.

आणि मी एका बाईला पारावर खोटं ठरवलं. लाज वाटते.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळच्या जिंतूर गाडीने बोरीला गेलो. झरीपर्यंत उभाच होतो, पुढे जागा मिळाली.

धुरपताबाई अंगणात तुरी झोडपत होती. सत्तरीची असेल, लहानखुरी. तिचा नवरा बन्सीधर बाजेवर पडून होता. मला बघून तो उठून बसला, ती मात्र हात न थांबवता म्हणाली, "या गुरुजी. बसा."

मी म्हटलं, "तुम्ही मोजता कसं ते बघायला आलोय."

"आता कशाला? तुमी तर लिवून धाडलंय."

"माझं चुकलं असेल. दाखवा तरी."

ती मला गोठ्यात घेऊन गेली. मागची सगळी भिंत गेरूच्या खुणांनी भरलेली. छपरापासून खाली सहा पट्टे, एकेका हिवाळ्याचा एकेक, आणि सातवा अर्धवट. प्रत्येक दिवसाची एक ओळ. उभ्या रेघा म्हणजे हात, ठिपके म्हणजे बोटं, चोवीस बोटांचा एक हात. पहाटे ती विहिरीवर जाते, दगड बांधलेला दोर काठावरून सोडते, पाण्याला टेकला की चिमटीत धरून वर ओढते आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात घालत मोजते. घरी येऊन भिंतीवर काढते. कोकिळा परत आली की भिंतीसमोर वही घेऊन बसते.

"टेप का नाही वापरत?"

"त्याच्यावरलं मला काय वाचता येतंय? हात माझा मला कळतो."

मधे मधे काही ओळींच्या जागी गेरूचा नुसता एक आडवा फराटा होता. हे काय म्हणून विचारलं.

"त्या दिशी ताप हुता. गेलेच न्हाई. मग काय काढू?"

मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. सतरा फराटे असणार, मोजले नाहीत.

मग म्हटलं, "धुरपताबाई, जरा हात लांब करा." खिशातून टेप काढून तिचा हात मोजला. कोपर ते बोट, बेचाळीस सेंटिमीटर. वहीत कोकिळाने एक हात म्हणजे पंचेचाळीस धरलाय. दीड फूट. पाठ्यपुस्तकातला हात. तो तिला आठवीत कुणी शिकवला? मीच. 'एक हात म्हणजे दीड फूट, जन्मात विसरायचं नाही', असं फळ्यावर लिहून घेतलं होतं. बिचारी विसरली नाही.

म्हणून पाणी जितकं खोल तितकी उडी मोठी. नऊ हातांना सत्तावीस, चौदा हातांना बेचाळीस. दर हातामागे तीनच सेंटिमीटर. गणिताच्या मास्तराला हे घरबसल्या दिसायला हवं होतं.

तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी माझा हात आखूड हाय हाच गुन्हा?" बन्सीधर हसला. मीही हसलो, पण मला ते बोचलं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आसू द्या." उद्यापासून विहिरीवर जाल का विचारलं तर "बघू, गुडघा काय म्हणतो ते," एवढंच बोलली. माझं स्वतःचं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात गाडीची वेळ झाली. खरं म्हणजे अजून वीस मिनिटं होती.

२९ डिसेंबर

हिरवे सगळे तुकडे पंचेचाळीसने भागले, बेचाळीसने गुणले. एकाच ओळीचं काम. परत आलेख काढला. लालमधून हिरवी आणि हिरवीतून लाल अशी सरळ निघाली की रंग नसते तर सांधा सापडला नसता. श्रद्धाने पाठीवर हात ठेवला. एरवी ठेवत नाही.

भुजंगला लिहिलं: नोंदी खऱ्या आहेत, रूपांतर चुकलं होतं, चूक माझ्या शिकवण्याची, हेही पारावर वाचून दाखव. त्याने अंगठा पाठवला. मग फोन करून म्हणाला, "म्हातारी कालपासून जायलीय इहिरीवर." एका अर्थी गंमतच आहे, मी तिला जा म्हणून सांगायला गेलो होतो आणि ती माझ्या निरोपाआधीच गेली.

३ जानेवारी २०२६

पाच डिसेंबर ते अठ्ठावीस फेब्रुवारी. शहाऐंशी नॅन. एकदम भरता येतात, पण मी एकेक भरला. दर आकड्याला तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. काही आठवले. पंचवीस डिसेंबरला तिने संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या.

निळी रेघ आता मधे तुटलेली दिसते. हा आलेख मी ग्रामसभेत लावू शकेन का? भुजंगला काहीच माहीत नाही. जुना आलेख तसाच ठेवला तरी कुणी विचारणार नाही. बोअरच्या ठरावाला त्या एका हिवाळ्याने काही फरक पडत नाही, हे मी स्वतःला तीनदा सांगितलं.

मग हिरव्या रेघेतल्या सतरा फटी दिसल्या. तिच्या फटी चालतात, आणि माझी झाकायची?

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ घेऊन बोरीला गेलो. आज सांगायचंच असं ठरवून.

धुरपताबाई ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होती. मी आलेखाचा कागद समोर पसरला. माझी रेघ निळी, तुमची हिरवी, सुनेची लाल, असं दाखवलं. तिने बोट फिरवत फिरवत निळ्यावर आणलं आणि तुटलेल्या जागी थांबली.

"हितं कशानं तुटली?"

मी सांगितलं. त्या हिवाळ्यात मी आलोच नाही, आकडे मनाने लिहिले, तेरा वर्षं एकही दिवस चुकलो नाही म्हणून मिरवलं. सगळं एका दमात सांगितलं. वर्गात उभं करून विचारल्यावर पोरं बोलतात तसं झालं माझं.

ती तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुमी येत नव्हता ते. सकाळी पाण्याला मीच जात हुते की. रोज सात वाजता तितं उभं ऱ्हाणारा माणूस आला न्हाई तर दिसतंय." तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "त्या साली संक्रांतीला बाईंला वाण द्यायला आले तर तुमच्या दाराला कुलूप. शेजारचे म्हणले, नांदेडला हायत, लय शिरीस हायत. मग ते सुगड घरी न्यावंसं वाटंना. इहिरीवर गेले, पाण्याच्या लगत पायरीवर ठिवलं, हात जोडले. म्हणलं माय, बाईंला बरं वाटू दे."

मी पारावर हिचं नाव घालवलं, तेव्हा एक शब्द बोलून ही माझं घालवू शकली असती.

"मग तेव्हा का नाही बोललात? मी तुम्हाला खोटं म्हणालो तेव्हा?"

"तुमची बाई गेलती," ती म्हणाली. "त्यात काय बोलायचं?"

मग मी विचारलं, "सुगड कितव्या पायरीवर ठेवलंत, आठवतं?"

"चौदावी. वरून मोजत उतरते मी, पाय घसरतोय म्हणून. चौदावी कोरडी हुती, पंधरावी पाण्यात. पाणी चौदावीच्या कडेला लागलेलं."

टेप घेऊन विहिरीवर गेलो. काठच्या दगडापासून चौदाव्या पायरीपर्यंत चार मीटर तीस. माझ्या पट्टीच्या रेघेवर त्या दिवशी चार मीटर शहाऐंशी लिहिलंय. पाणी अर्ध्या मीटरहून जास्त वर होतं. त्या पायरीवर जरा वेळ बसलो. पद्मजाचं वाण इथे ठेवलं होतं आणि मला आठ वर्षांनी कळलं. रडू आलं, कुणी नव्हतं म्हणून येऊ दिलं.

२५ जानेवारी

मोठा छापील कागद तयार झाला. शहाऐंशी दिवसांच्या मोकळ्या जागेत एकच ठिपका आहे, हिरवा, मधून पोकळ. खाली लिहिलं: 'आठवणीवरून, धुरपताबाई.' त्याला दोन्हीकडून रेघ जोडलेली नाही. श्रद्धाने विचारलं, "नक्की दाखवायचं, बाबा?" नक्की म्हटलं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानात सभा भरली. नचिकेतने सुट्टी काढली होती, श्रद्धाही आली. पुरुष खुर्च्यांवर, बायका एका बाजूला सतरंजीवर. ऊसतोडीला गेलेली घरं सोडून बाकी गाव होतं.

आलेख भिंतीवर लावला आणि तीन रंग समजावले. मग निळ्या रेघेवर आलो. म्हटलं, "ही तुटलेली जागा माझी आहे. इथले आकडे मी मोजले नव्हते. मनाने लिहिले होते. ते काढून टाकलेत. आणि ज्यांच्या आकड्यांवर मी संशय घेतला ते सगळे खरे निघाले." एवढंच पाठ केलं होतं, एवढंच बोललो.

कुजबुज झाली. मागून कुणीतरी हसलं. भुजंग खाली बघत होता. बोअरवाल्यांपैकी एक जण उठला. माझा विद्यार्थी नव्हता, म्हणून बोलू शकला. "गुरुजी, तुमचंच असं असंल तर बाकीच्यावर भरवसा कसा ठिवायचा? आन शहाऐंशी दिवसांत ह्यो एकच ठिपका. ह्याला काय अर्थ हाय?"

बायकांच्या बाजूने आवाज आला. धुरपताबाई उठली नव्हती, गुडघा धरून बसल्या जागेवरून बोलत होती.

"त्या दिशी म्या पाणी पाह्यलं हुतं. बाकीच्या दिशी कुणीच न्हाई. जे पाह्यलं तेच कागदावर हाय. आनिक काय पायजे?"

तो माणूस खाली बसला. मीही बसलो.

दोन वर्षं विहिरीभोवती बोअर नको असा ठराव झाला. पूर्ण एकमताने नाही, पण झाला. वही कोकिळाच्या घरीच राहणार, तेही ठरलं. निघताना भुजंग पाया पडला. मी म्हटलं, माझ्या नको, तिच्या पड. तो खरंच गेला, आणि तिने पाय मागे ओढून घेतले.

घरी आल्यावर पद्मजाच्या फोटोसमोर तीळगूळ ठेवला. यंदा संक्रांतीला राहूनच गेला होता.

२७ जानेवारी

सकाळी सव्वासातला फोन वाजला. बन्सीधरच्या मोबाइलवरून धुरपताबाई.

"अकरा हात, आठ बोटं. घ्या लिवून."

भिंतीवर काढलंत का म्हणून विचारलं. काढलंय म्हणाली. मी तिच्या हाताने हिशेब केला. चार मीटर शहात्तर.